स्कँडिनेव्हियन कप, किटली, फ्रेंच प्रेस घरी आणायचंय? आधी आपल्या चहाचा विचार करा, मग खरेदी

फोटोत ही भांडी फार देखणी दिसतात, पांढरा साधा कप, बारीक काळा कान, सरळ नळकांड्यासारखी स्टीलची किटली, शेजारी बर्च लाकडाचा ट्रे, आणि मग माणूस एकदम सहा कपांचा सेट, टीपॉट, प्रेस, थर्मास असं सगळं एका दमात मागवून मोकळा होतो. नंतर सहा महिन्यांनी त्यातला थर्मास वरच्या फळीवर गेलेला असतो, टीपॉटमध्ये चमचे ठेवलेले असतात आणि रोजचा चहा परत जुन्याच कपातून चालू. हे होऊ नये म्हणून हा लेख लिहितोय. भांडी खरंच उत्तम आहेत, पिढ्यान् पिढ्या टिकतील अशी आहेत, फक्त ती कोणासाठी आणि कशासाठी घडवली गेली हे समजून घेतलं की आपल्या घरात त्यांना बरोबर जागा देता येते.

मुद्दा असा आहे की डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड हे सगळे देश मुख्यतः कॉफी पिणारे. माणशी कॉफीच्या हिशोबात फिनलंड जगात अगदी वरच्या नंबरांत असतो. आणि ती कॉफी म्हणजे हलकी भाजलेली, फिल्टरमधून उतरवलेली, पातळ, बहुतेक वेळा काळीच. एकदम लिटरभर करायची, थर्मासच्या जगमध्ये ओतायची आणि मग दिवसभर थोडी थोडी घ्यायची. चहा तिथे दुसऱ्या नंबरावर आणि तोही बिनदुधाचा, पानांचा किंवा टीबॅगचा. म्हणून तिथल्या किटल्यांच्या तोट्या बारीक असतात, आत गाळणी असेलच असं नाही, जग उंच असतात आणि आतून घासायला हात जात नाही, कारण काळ्या कॉफीला फक्त गरम पाण्याने विसळलं तरी चालतं. आपला चहा मात्र पातेल्यात उकळलेला, दुधाचा, आलं-वेलची घातलेला, सायीचा. तोच चहा त्या भांड्यात गेला की काय काय होतं हे डोक्यात ठेवून पुढचं सगळं वाचा.

(फिनलंड भूगोलाच्या काटेकोर हिशोबाने स्कँडिनेव्हियात येत नाही, पण या भांड्यांचा विषय फिनलंडशिवाय होऊच शकत नाही, त्यामुळे मी सगळ्यांना एकत्रच धरतोय.)

पायरी १: घरात कोण काय पितं आणि किती पितं ते मोजा

खरंच मोजा. रोज ज्या कपातून चहा पिता त्यात नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरा आणि मोजपात्रात ओता. बहुतेक मराठी घरांत हा आकडा १०० ते १५० मिलीच्या मध्ये कुठेतरी येतो. आता उत्तरेकडच्या ब्रँडची मापं बघा, ती लिटरमध्ये किंवा डेसिलिटरमध्ये लिहिलेली असतात, १ डेसिलिटर म्हणजे १०० मिली. फिनलंडच्या ईत्ताला या ब्रँडच्या तेमा मालिकेतला नेहमीचा मग ०.३ लिटर, म्हणजे आपल्या चहाच्या अडीचपट. त्यात कपभर चहा ओतला की तो तळाशी दिसतो आणि जाड भिंती, मोठं तोंड यामुळे पटकन गार होतो. त्याच मालिकेतला कप ०.२२ लिटरचा आहे, तो आपल्याला बरोबर बसतो, वर थोडी जागा सोडून १५० मिली मस्त मावतो. एस्प्रेसोचा ०.१ लिटरचा कपही मिळतो आणि ज्यांना कटिंगएवढाच चहा लागतो त्यांनी तो जरूर बघावा. फिनलंडच्याच मारिमेक्कोच्या ओइवा मालिकेतला बिनकानाचा कप २ डेसिलिटरचा आहे, तो दिसायला फार गोड पण उकळता चहा त्यात धरवत नाही, ग्रीन टी किंवा काळ्या कॉफीसाठी ठीक.

मोठे मग घेऊच नका असं नाही, सकाळी मोठा मगभर कॉफी पिणारं कोणी घरात असेल तर त्याच्यासाठी ०.३ चा एक घ्या. पण सगळ्यांसाठी सारखं माप घ्यायची गरज नाही, आणि इथेच पुढची पायरी येते.

पायरी २: सेट घेऊ नका, एकेक नग घ्या

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, तिथल्या सगळ्यात मोठ्या डिझायनरची ही मूळ कल्पना आहे. काय फ्रांक हा फिनलंडचा डिझायनर, हेलसिंकीच्या अराबिया या चिनी मातीच्या कारखान्यात काम करायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर घरं लहान, पैसा कमी, आणि बाजारात मात्र डझनावारी नगांचे नक्षीदार डिनरसेट. त्याने किल्टा नावाची मालिका केली, ती १९५३ मध्ये विक्रीला आली, त्यात नक्षी नाही, आकार फक्त गोल, चौकोन, आयत, सगळं एकावर एक रचता येणारं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक नग सुटा विकत मिळणारा. कप फुटला तर कप आणा, रंग बदलावासा वाटला तर वेगळ्या रंगाची बशी आणा. हीच मालिका सुधारून १९८१ मध्ये तेमा म्हणून आली आणि आजही ईत्तालाच्या नावाने विकली जातेय. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तोच आकार बाजारात आहे याचा अर्थ आज घेतलेल्या कपाला जोडीदार दहा वर्षांनीही मिळायची शक्यता भरपूर. हा हिशोब दिसण्यापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे सहातले दोन फुटले की उरलेले चार पाहुण्यांसमोर ठेवायचे कसे म्हणून सगळा सेटच बाद होतो.

तर सुरुवात दोन कपांनी करा. दोन आठवडे रोज वापरा. कानात बोट नीट जातं का, ओठाला काठ जाड लागतो का, बशीवर बिस्किट ठेवायला जागा राहते का (तेमाची बशी १५ सेंटीमीटरची आहे, राहते), सिंकमध्ये इतर स्टीलच्या भांड्यांबरोबर आपटून टवका उडतो का, हे सगळं दोन आठवड्यांत कळतं. मग पुढचे घ्या.

पायरी ३: मटेरियल समजून घ्या

स्टोनवेअर म्हणजे जाड, जड, मातीचा पोत दिसणारं, बऱ्याचदा मॅट. फोटोत सगळ्यात भारी हेच दिसतं. पण मॅट ग्लेझवर (म्हणजे वरच्या काचेसारख्या थरावर) स्टीलच्या चमच्याने राखाडी रेघा उठतात आणि दुधाच्या चहाची कडा आतल्या गडद रंगावर पांढुरकी दिसते, त्यामुळे दुधाच्या चहासाठी मी आतून पांढरा आणि गुळगुळीत कपच सुचवेन. बाहेरून मॅट, आतून चकचकीत पांढरा असेही कप मिळतात, ते चांगले.

पोर्सिलेन पातळ, हलकं, डाग न धरणारं. तेमा ज्या व्हिट्रो पोर्सिलेनची आहे ते याच घराण्यातलं पण जरा दणकट, ओव्हन, मायक्रोवेव्ह, फ्रीझर, डिशवॉशर सगळ्यात चालतं. रोजच्या वापराला माझी पहिली पसंती हीच.

बोरोसिलिकेट काच गरम-गार सहन करते कारण ती गरम झाल्यावर फारच कमी प्रसरण पावते. बोडुम या डॅनिश कंपनीचे दुहेरी भिंतीचे पाव्हिना ग्लास याच काचेचे, आत उकळता चहा आणि बाहेर बोटांना फक्त कोमट, आपल्या कटिंगला हे मला फार आवडतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, त्यांच्या बुडाला एक छोटासा सिलिकॉनचा ठिपका असतो, आतली हवा तापून फुगली की बाहेर जायला ती वाट आहे. तो खरवडून काढू नका आणि ग्लास तासन् तास पाण्यात बुडवून ठेवू नका, नाहीतर दोन भिंतींच्या मध्ये पाणी शिरून धुकं धरतं. आणि चमचा आत टाकून जोरात ढवळू नका, आतली भिंत पातळ असते.

स्टील आपल्याला नवीन सांगायला नको, १८/८ म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेचा थर, त्याबद्दल जुन्या वस्तूंच्या पायरीत बोलू.

पायरी ४: किटली किंवा टीपॉट, लागणार आहे का ते आधी ठरवा

आपण पातेल्यात चहा उकळून गाळून थेट कपात ओततो, मग टीपॉटचं काम काय? दोनच. एक, चार-पाच माणसं बसलीत आणि दुसरी फेरी गरम हवी. दोन, घरात दार्जिलिंग, ग्रीन टी असं पानांचं काही प्यायलं जातं. पहिल्यासाठी वाढायचं भांडं हवं, दुसऱ्यासाठी आत गाळणी असलेलं. दोन्ही कामं एका भांड्याने करायला गेलात तर पानांच्या चहाला आल्याचा वास येणार हे नक्की.

वाढायच्या किटलीत स्टेल्टन कंपनीची सिलिंडा लाइन ही डेन्मार्कची सगळ्यात गाजलेली. आर्ने याकोबसेन हा खरं तर आर्किटेक्ट, त्याचा सावत्र मुलगा पेटर होल्मब्लाड स्टेल्टनमध्ये होता, त्याने मागे लागून लागून त्याच्याकडून ही मालिका करून घेतली आणि ती १९६७ मध्ये आली. सगळं सिलिंडरमधून कापल्यासारखं, स्टील ब्रश केलेलं आणि काळा चौकोनी कान. बघताना सोपं वाटतं पण स्टीलची नळी इतकी बिनचूक, सांधा न दिसता बनवायचं तंत्र तेव्हा नव्हतं, ते या भांड्यांसाठी तयार करावं लागलं. ही किटली गॅसवर ठेवायची नाही, ही टेबलावर वाढायची वस्तू आहे, आणि दुधाचा चहा ओतलात तर जेवायच्या आधी ती धुवून झालीच पाहिजे कारण बारीक तोटीत साय वाळली की फक्त बाटली धुवायच्या बारीक ब्रशनेच निघते. तो ब्रश किटलीबरोबरच घेऊन टाका.

पानांच्या चहासाठी काचेचा टीपॉट आणि आत उचलून काढता येणारी गाळणी, हे सगळ्यात सोयीचं. कोपनहेगनच्या मेनू या कंपनीने (आता तिचं नाव आउडो झालंय) नॉर्म आर्किटेक्ट्सकडून एक टीपॉट करून घेतला, त्यात चहाचं अंडं दोरीला लटकलेलं असतं, चहा हवा तसा उतरला की वरून दोरी ओढायची आणि अंडं पाण्याच्या वर येतं, चहा कडू होत नाही. कल्पना सुंदर आहे. बजेट कमी असेल तर आयकियाचा रिक्लिग टीपॉट बघा, काच आणि आत स्टीलची गाळणी, तुर्भ्याच्या दुकानात २०२० च्या डिसेंबरपासून लोक हातात घेऊन बघू शकतायत, हा मोठा फायदा आहे. पण एक लक्षात घ्या, या गाळण्या मोठ्या पानांसाठी आहेत, आपली सीटीसी, म्हणजे बारीक दाण्याची चहा पावडर त्यातून आरामात खाली जाते. पावडरसाठी आपली नेहमीची बारीक गाळणीच.

दुकानात टीपॉट हातात घेतला की तोटी बघा. टोकाची कड धारदार, पातळ असेल तर ओतून थांबवताना थेंब तुटून पडतो, कड गोल जाड असेल तर तोच थेंब तोटीखालून ओघळत टेबलक्लॉथवर जातो. तोटीचं टोक किटलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असायला हवं. झाकण धरून भांडं तिरकं करा, ४५ अंशाला झाकण पडतंय का बघा. शक्य असेल तर पाणी भरून उचला, रिकामा टीपॉट सगळ्यांनाच हलका वाटतो.

पानांच्या चहाचं साधं माप म्हणजे २०० मिली पाण्याला २ ते अडीच ग्रॅम पानं, काळ्या दार्जिलिंगला उकळी शांत झालेलं पाणी आणि ३-४ मिनिटं, ग्रीन टीला ८० अंशाच्या आसपासचं पाणी आणि २ मिनिटं. टीपॉट आधी गरम पाण्याने विसळून घ्या, एवढ्याने चहा शेवटपर्यंत गरम राहतो.

पायरी ५: थर्मास जग, आणि त्यात आपला चहा

स्टेल्टनचा ईएम ७७ हा जग तुम्ही पाहिलाच असेल, चोच असलेल्या पक्ष्यासारखा, सगळ्या रंगांत मिळणारा. एरिक मॅग्नुसेनने १९७७ मध्ये केला, याकोबसेनच्या सिलिंडाच्या शेजारी शोभेल असा, नावातले आकडे त्याच वर्षाचे. नंतर तो एबीएस प्लास्टिकमध्ये निघाला आणि घराघरांत गेला. १ लिटरचा, आत काचेचा निर्वात रिफिल. गंमत त्याच्या बुचात आहे, जग तिरका केला की बूच आपोआप उघडतं आणि सरळ केला की बंद, एका हाताने वाढता येतं. बरोबर एक फिरकीचं झाकणही येतं, ते बाहेर नेताना लावायचं. एरवी जगला तेच लावून ठेवलं तर मुख्य गंमतच गेली.

आता आपल्या चहाचं. दुधाचा चहा तासन् तास कोमट ठेवणं बरं नाही, चवीलाही आणि पोटालाही, कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. त्यामुळे मी सांगेन की जगात भरायच्या आधी ५ मिनिटं उकळतं पाणी घालून ठेवा, ते ओतून टाका, चहा खळखळ उकळता असतानाच गाळून भरा आणि दोन तासांत संपवा. संपला की लगेच बूच वेगळं काढून गरम पाण्याने धुवा. जगच्या आत स्टीलची घासणी किंवा कडक ब्रश घालू नका, काचेला ओरखडा गेला की कधीतरी अचानक फुटते. बर्फही टाकू नका. डिशवॉशरमध्ये तर नाहीच. आणि घरात कॉफीसाठीही असा जग वापरायचा असेल तर दोन वेगळे ठेवा, आलं-वेलचीचा वास बुचाच्या प्लास्टिकमध्ये बसतो तो सहजी जात नाही.

दिवसभर दुधाचा चहा गरम ठेवायचा हाच उद्देश असेल तर हा जग घेऊ नका, त्यापेक्षा कोरा चहा जगमध्ये आणि गरम दूध वेगळ्या भांड्यात असं ठेवा, घरी पूजा किंवा बारसं असेल तेव्हा हे फार सोयीचं पडतं.

पायरी ६: कॉफी, इथे ही भांडी खरी खुलतात

कॉफीच्या बाबतीत तडजोड करायला लागत नाही, भांडी त्यासाठीच आहेत. दोन पर्याय सांगतो.

पहिला फ्रेंच प्रेस, म्हणजे काचेचं भांडं आणि दांड्याला लावलेली जाळी, कॉफी मुरली की दांडा दाबून चोथा खाली बसवायचा. बोडुम ही कंपनी १९४४ मध्ये कोपनहेगनला सुरू झाली, आता तिचं मुख्य ऑफिस स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिचा शँबोर्ड प्रेस सगळ्यात प्रसिद्ध, जरी त्याचा मूळ आकार फ्रेंच आहे आणि बोडुमने तो पुढे आपल्याकडे घेतला. ज्याला अस्सल डॅनिश डिझाइन हवं त्याने बोडुमचाच बिस्त्रो बघावा, कार्स्टन यॉर्गेनसेनने सत्तरच्या दशकात केलेला. खोक्यावर '३ कप', '८ कप' लिहिलेलं असतं त्याने फसू नका, ते कप छोटे आहेत, ३ कप म्हणजे ३५० मिली आणि ८ कप म्हणजे १ लिटर. दोन माणसांसाठी ३५० मिली पुरतो, काळी पिणार असाल तर जरा कमीच पडतो. आयकियाचा उपहेत्ता प्रेसही वाईट नाही, ०.४ लिटर आणि १ लिटर असे दोन येतात.

कृती अशी: पावडर जाडसर हवी, जाड रव्याएवढी. आपली साउथ इंडियन फिल्टरची चिकोरी घातलेली बारीक पावडर प्रेसमध्ये चालत नाही, जाळी तुंबते, दांडा खाली जात नाही आणि जोर लावला तर गरम कॉफी वर उडते, भाजायची शक्यता असते म्हणून हे मुद्दाम सांगतोय. चिकोरी नसलेली, प्रेससाठी दळून मागितलेली कॉफी आणा. नॉर्डिक देशांत १ लिटर पाण्याला ६० ग्रॅम कॉफी हे माप पक्कं मानतात, त्या हिशोबाने ३०० मिलीला १८ ग्रॅम. प्रेस गरम पाण्याने विसळा, कॉफी घाला, पाणी उकळून अर्धा मिनिट थांबा आणि ओता, वर फेसाळ थर येईल, तो लाकडी चमच्याने एकदा ढवळून मोडा (स्टीलच्या चमच्याने काचेला टोला बसतो), झाकण ठेवा, ४ मिनिटं. मग दांडा सावकाश, फक्त हाताच्या वजनाने खाली. आणि लगेच सगळी कॉफी ओतून घ्या, चोथ्यावर उभी राहिली की कडू होत जाते, उरलेली थर्मास जगमध्ये घाला.

दूध घालणाऱ्यांसाठी: पातळ कॉफीत गार दूध ओतलं की पाणचट लागते. १ लिटरला ८० ग्रॅमपर्यंत प्रमाण वाढवा आणि दूध गरम करून थोडंच घाला, हे करून बघा, फरक लगेच कळतो.

दुसरा पर्याय एव्हा सोलो या ब्रँडचा कॅफे सोलो. डेन्मार्कच्या टूल्स डिझाइनचं काम. काचेची बाटलीसारखी सुरई आणि तिला झिपचं जॅकेट, पाणबुडे जे कापड घालतात त्याच निओप्रीनचं. कॉफी आणि पाणी थेट सुरईत, ढवळायचं, ४ मिनिटांनी ओतायचं, मानेतली गाळणी चोथा अडवते आणि झाकण तिरकं केलं की स्वतः उघडतं. दाबायची भानगडच नाही. टेबलावर हा इतका छान दिसतो की लोक हमखास विचारतात. जॅकेट मात्र दर आठवड्याला काढून धुवा, कॉफीचा ओघळ त्यात मुरला की वास यायला लागतो.

पायरी ७: कुठे घ्यायचं, आणि जुनं घेताना काय बघायचं

नवीन हवं असेल तर भारतात मोठे ब्रँड ऑनलाइन आणि काही होम डेकोरच्या दुकानांत मिळतात, पण सगळी रेंज नसते. परदेशातून कुरियरने मागवलं तर ड्युटी लागून किंमत बरीच वाढते हे धरून चला. पण आपले कितीतरी लोक आता कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, ऑस्लोला नोकरी-शिक्षणासाठी आहेत, त्यांच्यापैकी कोणी येत असेल तर उत्तम, आणि तुम्ही स्वतःच तिकडे असाल तर जुन्या वस्तूंच्या बाजारात जाच. मला तर नव्यापेक्षा तेच जास्त आवडतं. स्वीडनमध्ये लोपिस म्हणतात आणि ऑनलाइन त्रादेरा, फिनलंडमध्ये किर्पुतोरी आणि ऑनलाइन तोरी, नॉर्वेत फ्रेटेक्सची दुकानं आणि ऑनलाइन फिन, डेन्मार्कमध्ये गेनब्रुग आणि ऑनलाइन डीबीए. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे कप-बशी तिथे रोजच्या वस्तू म्हणून पडलेले असतात.

काय शोधायचं? स्वीडनच्या गुस्ताव्सबर्ग कारखान्याचं बेर्सो, स्टिग लिंडबर्गने साठच्या दशकाच्या सुरुवातीला केलेली हिरव्या पानांची नक्षी, मला वाटतं कॉफीच्या कपावर याहून प्रसन्न काही नाही. फिनलंडच्या अराबियाचे कप, बुडावर शिक्का असतो, कारखाना १८७३ चा. नॉर्वेच्या कॅथरिनहोमची कमळपाकळ्यांची एनॅमल किटली, रंगीबेरंगी. या भांड्यांचे आकार ग्रेटे प्रिट्झ किटेलसनचे आणि पाकळ्या आर्ने क्लाउसेनच्या, आणि ग्रेटेला स्वतःला ती नक्षी आवडत नव्हती, तिला साधा रंग हवा होता. आज त्याच पाकळ्यांसाठी लोक भरपूर पैसे मोजतात. डेन्मार्कचं रॉयल कोपनहेगन, १७७५ पासून, हाताने रंगवलेली निळी नक्षी, बुडावर तीन लाटांच्या रेघा, डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्यांसाठी. त्या लाटांवर आडवा ओरखडा दिसला तर तो नग सेकंड क्वालिटीचा, म्हणजे कारखान्यातच किरकोळ दोष सापडलेला. वापरायला काहीच अडचण नाही आणि बराच स्वस्त मिळतो, फक्त पहिल्या दर्जाची किंमत देऊ नका.

तपासायची पद्धत सांगतो. कप तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा, स्वच्छ खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. काठावरून बोट फिरवा, डोळ्याला न दिसणारा टवका बोटाला लागतो. कान जिथे चिकटलाय तिथे उजेडात बघा. ग्लेझमध्ये कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक भेगा असतील तर दुधाच्या चहाला तो कप नको, त्या भेगांत दूध मुरतं. सोनेरी कड असेल तर मायक्रोवेव्ह बंद. फार जुनी, रंग बोटाला वर उंचावलेला लागतो अशी नक्षी कपाच्या आतल्या बाजूला असेल तर तो शोकेसमध्येच ठेवा, जुन्या रंगांत शिसं-कॅडमियम असू शकतं. एनॅमलच्या किटलीचा आतला थर उडून गंज दिसत असेल तर ती सोडून द्या, कितीही सुंदर असली तरी.

एक बारीक गोष्ट, ईत्तालाचा लाल गोलातला 'आय' हा जुना लोगो २०२४ मध्ये बदलला, त्यामुळे नव्या कपावर लाल ठिपका नाही म्हणून तो नकली समजू नका. आणि 'फिनलंडमध्ये बनलेलं' असा शिक्का नसेल तरी घाबरू नका, अराबियाचा हेलसिंकीचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, आता बराचसा माल थायलंड आणि इतर देशांत बनतो. रॉयल कोपनहेगनचं बरंचसं रंगकामही थायलंडमध्येच होतं.

बॅगेतून आणताना कप एकात एक घालू नका, प्रत्येक वेगळ्या मोज्यात, कानाच्या पोकळीत कागद कोंबून. बशा उभ्या ठेवा, आडव्या रचल्या की खालची फुटते. टीपॉटचं झाकण वेगळं गुंडाळा. काचेचा जग हँडबॅगेतच.

पायरी ८: धुणं आणि डाग

चहाचे तपकिरी डाग म्हणजे टॅनिन. ओला खायचा सोडा बोटाने चोळा, दोन मिनिटांत जातात. चमच्याच्या राखाडी रेघाही त्यानेच जातात कारण त्या ओरखडे नसून चमच्याचा धातू ग्लेझवर चिकटलेला असतो. थर्मासच्या आतल्या डागांसाठी एक चमचा सोडा आणि गरम पाणी, झाकण न लावता तासभर. आपल्याकडे बोअरचं पाणी असेल तर काचेवर पांढरा क्षार धरतो, त्याला सायट्रिक ॲसिडचं पाणी. सोडा आणि सायट्रिक एकत्र घालू नका, नुसता फेस होतो आणि दोघांचंही काम होत नाही. ब्रश केलेलं स्टील रेघांच्या दिशेनेच पुसा, गोल गोल घासलं की चरे कायमचे. प्रेसची जाळी आठवड्यातून एकदा पूर्ण उघडून तिन्ही चकत्या वेगळ्या धुवा, तेल राहिलं की पुढची कॉफी खवट लागते. लाकडी ट्रे पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून उभा वाळवा.

पायरी ९: सुटे भाग

विकत घ्यायच्या आधीच हे विचारा. बोडुमच्या प्रेसची काच, जाळी, स्टेल्टनच्या जगचा आतला काचेचा रिफिल आणि बूच, हे सगळं वेगळं विकत मिळतं, कॅफे सोलोचं जॅकेटही. हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त नकलांना हेच मिळत नाही, काच फुटली की सगळी वस्तू कचऱ्यात. काच मागवताना फक्त '३ कप' एवढं सांगून भागत नाही, मिली आणि आतला व्यास दोन्ही जुन्या फ्रेमवर मोजून घ्या, कारण वेगवेगळ्या मॉडेलच्या काचा एकमेकांत अर्ध्या सेंटीमीटरने मोठ्या-लहान असतात आणि मग जाळी एकतर अडकते नाहीतर कडेने चोथा वर येतो. प्रेस नवा असतानाच ही दोन मापं आणि मॉडेलचं नाव फोनमध्ये लिहून ठेवा, खोका फेकायच्या आधी.